वाढपी कोणाचा?

(पुनरुत्थान काळातील पाचवा रविवार, वर्ष 'अ'. पहिले वाचन : प्रेषितांची कृत्ये ६ : १-७)



लग्नाच्या पंगतीविषयी आपली जुनी माणसे गमतीने म्हणत असत : वाढपी आपला असला की पंगतीच्या टोकाला बसले तरी चालते. चांगला तुकडा आपल्या पानात बरोबर येऊन पडतो. या गमतीला एक दुखरी बाजूही आहे. वाढप्याला आपले नाव-गाव ठाऊक नसेल, आपली भाषा कळत नसेल, तर मांडवाच्या मध्यभागी बसूनही पान कोरडे राहते. कोणी मुद्दाम उपाशी ठेवत नाही. नजर पोहोचत नाही, एवढेच.

आजच्या पहिल्या वाचनात यरुशलेमच्या ख्रिस्तसभेत नेमके हेच घडले आहे. परवाच १ मे रोजी आपण कामगार संत योसेफ यांचा सण साजरा केला. पोप बारावे पायस यांनी १९५५ साली हा सण मुद्दाम कामगार दिनाच्या तारखेला सुरू केला. म्हणून आज हे वाचन आपण आपल्या कामाच्या जागी घेऊन जाऊ या. आज आपल्यापैकी कितीतरी जण चार प्रांतांच्या, चार भाषांच्या माणसांबरोबर काम करतात, आणि काही जण त्यांच्याकडून काम करवून घेतात.

एका तरुणाचा प्रश्न

गेल्या पावसाळ्यात आपल्यातील एक तरुण रात्री उशिरा मला भेटायला आला. (त्याने हे प्रायश्चित्त संस्कारात सांगितलेले नाही. त्याच्या परवानगीनेच, नावगाव न देता लिहीत आहे.) वसई पूर्वेच्या एका कारखान्यात तो सुपरवायझर आहे. हाताखाली अठरा माणसे. दोघे आपल्या भागातले, बाकीचे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा आणि झारखंडचे. त्या दिवशी दुपारी पॉवर प्रेसवर झारखंडच्या एका मुलाच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली होती.

"फादर, मी त्याला सकाळीच सांगितलं होतं. माल अडकला तर आधी मेन स्विच बंद कर, मगच हात घाल. दोनदा सांगितलं. 'समझा क्या?' म्हणून विचारलं. तो म्हणाला, 'जी, समझा.' मग माझी चूक काय?"

मी त्याला चहा करून दिला. थोड्या वेळाने त्याचे उत्तर त्यानेच दिले. "त्याला काही समजलं नव्हतं, फादर. हॉस्पिटलात त्याच्या गावचा एक माणूस त्याच्याशी मुंडारीत बोलला, तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्याला हिंदीसुद्धा धड येत नाही. आठ महिने माझ्या हाताखाली आहे आणि मला हे माहीत नव्हतं."

पुढे त्याने जे सांगितले ते ऐकून मी गप्प झालो. त्यांच्या कारखान्याचा काही माल जपानी कंपनीला जातो. त्यासाठी या तरुणाला दोन दिवसांचे खास प्रशिक्षण मिळाले होते. कार्ड दोन्ही हातांनी कसे द्यावे, किती वाकावे, आणि जपानी माणूस बोलताना मध्येच 'हाय' म्हणाला तर तो होकार समजू नये. 'मी ऐकतो आहे' एवढाच पुष्कळदा त्याचा अर्थ असतो. "जपानी माणसाचा 'हाय' म्हणजे 'हो' नव्हे, हे मला शिकवलं, फादर. या पोराचा 'जी' म्हणजे 'हो' नव्हे, हे कोणी शिकवलं नाही. आणि मीही विचारलं नाही."

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही एक सूत्र पाठ केले होते. संत थॉमस अक्वायनस ते वरचेवर वापरतात. त्याचा आशय असा की, जे दिले जाते ते घेणाऱ्याच्या ठेवणीप्रमाणे घेतले जाते. एकच पाणी घागरीत घागरीचा आकार घेते, वाटीत वाटीचा. परीक्षेत त्यावर मला चांगले मार्क मिळाले होते. त्याचा अर्थ मात्र मला त्या रात्री उमगला. आपण काय सांगितले, यावर काम संपत नाही. समोरच्याच्या पात्रात काय पडले, हे पाहणेही सांगणाऱ्याचेच काम आहे. ज्या मुलाला लहानपणापासून 'वडीलधाऱ्यांना उलट विचारू नये' असे शिकवलेले असते, त्याला 'साहेब, समजले नाही' असे म्हणणे उद्धटपणाचे वाटते. शिवाय पोटाची भीती असतेच. आज नाही म्हटले तर उद्या कामावर घेतील का? तो खोटे बोलला नाही. त्याने मान राखला, आणि त्या मानाची किंमत दोन बोटांनी चुकवली.

यरुशलेममधील कुरकुर

आता आजच्या वाचनाकडे येऊ. यरुशलेमच्या पहिल्या ख्रिस्ती समूहात दोन प्रकारचे लोक होते. एक तिथलेच, इब्री भाषा-रीतीचे. दुसरे बाहेरच्या देशांतून येऊन राहिलेले, ग्रीक बोलणारे यहुदी. श्रद्धा एक, भाकर मोडणे एक, पण भाषा निराळी, वळण निराळे. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होऊ लागले आणि कुरकुर सुरू झाली. 'सर्वांचे एक मन होते' असे ज्या समूहाविषयी संत लूक दोनच अध्याय आधी लिहितात, त्याच समूहाची ही गोष्ट आहे. लूक ती लपवत नाहीत, याबद्दल आपण त्यांचे आभार मानले पाहिजेत.

बारा प्रेषितांनी काय केले ते बारकाईने पाहा. 'आपण सगळे ख्रिस्तात एक आहोत, इथे भाषेचे राजकारण कशाला?' असे ते म्हणाले नाहीत. तक्रार करणाऱ्यांना त्यांनी गप्प बसवले नाही. 'आम्ही स्वतः लक्ष घालू' असे आश्वासन देऊन विषय मिटवलाही नाही. त्यांनी सर्व शिष्यांना एकत्र बोलावले, आपले स्वतःचे काम कोणते ते स्पष्ट केले आणि सांगितले, की तुमच्यातून सात माणसे तुम्हीच निवडा. अटी तीन : नाव चांगले असावे, पवित्र आत्म्याने परिपूर्ण असावेत, शहाणपण असावे.

निवडलेली नावे वाचा : स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा नीकलाव. सातही नावे ग्रीक आहेत. ग्रीक नाव तेव्हा इतर यहुद्यांचेही असे. बारा प्रेषितांतही एक फिलिप आणि एक अंद्रिया होतेच. पण सातपैकी सातही नावे ग्रीक असावीत, हा निव्वळ योगायोग वाटत नाही. नीकलाव तर जन्माने यहुदीही नव्हता. ज्यांच्या विधवांची पाने कोरडी राहत होती, त्यांच्याच माणसांच्या हाती पळी दिली गेली. इब्री विधवांचे जेवणही आता याच सात जणांच्या हाती आले. मोठ्या गटाने लहान गटावर केवढा विश्वास टाकला! आणि हे काम गुपचूप सोपवले नाही. प्रेषितांनी सर्वांसमक्ष त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली.

परिणाम काय झाला? शिष्यांची संख्या वाढली, असे वाचन सांगते. पुढे स्तेफन पहिला रक्तसाक्षी झाला. फिलिप शोमरोनात गेला आणि वाटेवर भेटलेल्या इथिओपियाच्या अधिकाऱ्याला त्याने स्नानसंस्कार दिला. वाढपी म्हणून नेमलेल्या माणसांनी शुभवर्तमान भिंतीपलीकडे नेले. दोन भाषांमध्ये वावरण्याची सवय त्यांना आधीपासूनच होती.

माझी चूक

दुसऱ्यांना उपदेश करण्यापूर्वी माझ्या स्वतःच्या चुकीविषयी सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी, मी दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, सणाच्या स्नेहभोजनाची कामे आम्ही वाटली. यादी पालकीय मंडळाने केली आणि मी तिच्यावर सही केली. मिस्सानंतर एक वयस्कर तमिळ भगिनी माझ्याजवळ आली. अगदी हळू आवाजात म्हणाली, "फादर, बारा वर्षं मी या चर्चला येते. बारा वर्षं खुर्च्या पुसते. एकदा तरी वाढायला मिळेल का?"

मी लगेच म्हणालो, "बाई, आपल्याकडे असा भेदभाव नाही." ती हसली, 'थँक यू, फादर' म्हणाली आणि निघून गेली.

रात्री मी जुन्या याद्या काढून पाहिल्या. स्वागत, वाचन, वाढप, माइक ही कामे मूळ गावच्या घराण्यांकडे. खुर्च्या, भांडी, साफसफाई ही कामे नव्या इमारतींतल्या मल्याळी, तमिळ, मंगळुरी कुटुंबांकडे आणि घरकाम करणाऱ्या झारखंडच्या मुलींकडे. दर वर्षी तसेच. कोणी ठरवून केले नव्हते. मागच्या वर्षीची यादी समोर ठेवून नवी लिहिली जात होती. भेदभाव नाही, असे मी त्या भगिनीला मनापासून सांगितले होते, आणि ते खरे नव्हते.

पुढच्या वर्षी वाढपाची पूर्ण जबाबदारी नव्या कुटुंबांकडे दिली. सगळे गोडीगुलाबीने झाले असे म्हणणार नाही. भात एकदा कमी पडला. 'आमच्या चर्चमध्ये आम्हीच पाहुणे झालो' असे म्हणून मंडळाचे एक जुने सभासद राजीनामा देऊन गेले. मी तिथे असेपर्यंत ते परत आले नाहीत, आणि त्याची मला आजही खंत आहे. पण त्या दिवशी मांडवाच्या कडेला उभ्या राहणाऱ्या कितीतरी माणसांना मी पहिल्यांदाच खुर्चीवर बसून जेवताना पाहिले. त्यांना शोधून बसवणारी तीच तमिळ भगिनी होती. तिला त्यांची नावे ठाऊक होती. मला नव्हती.

इतिहासातील एक पान

जपानचा विषय निघालाच आहे, तर ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एक पान उलटू या. १५७० पासून जपानमधील येशूसंघीय मिशनचे प्रमुख होते पोर्तुगीज धर्मगुरू फ्रान्सिस्को काब्राल. कष्टाळू आणि कडक शिस्तीचे. जपान्यांनी आपल्या रीती शिकाव्यात, आपण त्यांच्या का शिकाव्यात, असा त्यांचा खाक्या. युरोपीय धर्मगुरूंपैकी फार थोड्यांना जपानी भाषा नीट येत होती. लोकांशी बोलण्याचे पुष्कळसे काम जपानी सहकारी करीत, पण घरात त्यांचे स्थान खालचे असे.

१५७९ साली इटालियन धर्मगुरू अलेस्सांद्रो व्हालिन्यानो निरीक्षक म्हणून जपानला पोहोचले. पूर्वेकडील मिशनचे काम पाहण्यासाठी ते १५७४ मध्येच गोव्याला आले होते. जपानमध्ये त्यांनी मिशनऱ्यांच्या सल्लामसलतीच्या बैठका घेतल्या. धर्मगुरूंनी जपानी भाषा शिकावी, जपानी शिष्टाचार पाळावेत, जपानी बंधूंना बरोबरीने वागवावे, असे नियम घालून दिले. १५८० मध्ये अरिमा आणि अझुची येथे जपानी मुलांसाठी सेमिनरी सुरू झाल्या. १५८१ मध्ये काब्राल पदावरून दूर झाले. पुढे १६०१ मध्ये नागासाकी येथे पहिल्या दोन जपानी धर्मगुरूंना गुरुदीक्षा मिळाली.

ही गोष्ट इथेच थांबवली असती तर आपल्याला बरे वाटले असते. पण जपानी माणसाला एवढा मान देणाऱ्या व्हालिन्यानोंचे आपल्या देशातील लोकांविषयीचे मत हलके होते. येशूसंघात भारतीयांना घेण्यास त्यांचा विरोध होता. एवढा बुद्धिमान आणि प्रार्थनाशील माणूस! ज्यांच्या सत्तेचा आणि संस्कृतीचा दबदबा वाटला त्यांचे वेगळेपण त्याने ओळखले. जे पायाशी होते त्यांचे ओळखले नाही. त्याच १५७९ साली गोव्यात उतरलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स मात्र इथल्या लोकांमध्ये राहून त्यांची भाषा शिकले. १६१६ साली छापले गेलेले त्यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' आपल्याला ठाऊक आहेच.

व्हालिन्यानोंना दोष देणे सोपे आहे. पण आपल्या त्या तरुणाच्या कारखान्यात दुसरे काय घडले? गिऱ्हाइकाच्या संस्कृतीसाठी दोन दिवसांचे प्रशिक्षण, आणि प्रेसवर उभ्या असलेल्या पोराची भाषा आठ महिने अज्ञात. वरच्याचा वेगळेपणा आपल्याला 'संस्कृती' वाटतो, खालच्याचा वेगळेपणा 'अडाणीपणा' वाटतो. मिश्र माणसांचा गट चालवताना पहिले पाप इथे घडते.

काय सोडावे, काय सोडू नये

मग ज्याच्या त्याच्या रीतीप्रमाणे सगळेच चालू द्यायचे का? तसे नाही. इ. स. ४९ च्या सुमारास यरुशलेमच्या सभेत (प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५) हाच प्रश्न होता. परराष्ट्रीयांनी आधी यहुदी रीतीने सुंता करून घ्यावी का? सभेने आवश्यक तेवढेच मागितले, बाकीचे ओझे लादले नाही. आपल्यालाही हा विवेक करावा लागतो. मशीनचा सुरक्षा नियम, सारख्या कामाला सारखी मजुरी, स्त्रीचा सन्मान, हिशेबातील प्रामाणिकपणा या गोष्टी कोणाच्याही रीतीसाठी सैल करता येत नाहीत. 'आमच्याकडे बाईच्या हाताखाली काम करत नाहीत' किंवा 'अमक्या जातीचा माणूस आमच्या पिंपातले पाणी पिणार नाही' ही संस्कृती नव्हे. तिथे ठामपणे 'नाही' म्हणावे लागते. पण कोण हाताने जेवतो, कोण मोठ्याने बोलतो, कोण डोळ्याला डोळा देत नाही, कोण हो-नाही सांगायला वेळ घेतो, यात हुकूम चालवण्याचे कारण नाही.

आणि जेवणाच्या टेबलाकडे लक्ष असू द्या. अंत्युखियात संत पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत असत. यरुशलेमहून काही मंडळी आल्यावर ते हळूच वेगळे झाले. संत पौलाने त्यांना तोंडावर जाब विचारला (गलतीकरांस पत्र, अध्याय २). नियमाचा एक शब्दही पेत्राने मोडला नव्हता. त्यांनी फक्त आपली बसण्याची जागा बदलली होती. जेवणाच्या सुट्टीत कोण कोणाजवळ डबा उघडतो, कोण एकटा जिन्यात बसून खातो, हे पाहिले की त्या कारखान्याची आध्यात्मिक स्थिती कळते.

या आठवड्यासाठी

ज्यांच्या हाताखाली चार माणसे आहेत, मग ते ऑफिसात असोत, वॉर्डात, वाडीत किंवा बांधकामावर, त्यांनी पुढील गोष्टी करून पाहाव्यात.

१. 'समजले का?' असे विचारू नका. 'करून दाखव' म्हणा. जमले नाही तर दुसऱ्या रीतीने सांगा. त्याच्या भाषेचा माणूस शोधा.

२. प्रत्येकाला त्याच्या नावाने हाक मारा. 'ए भैया', 'ए मद्रासी' ही नावे नव्हेत. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो.

३. कामाच्या जुन्या याद्या काढा. रात्रपाळी कोणाकडे? घाणीचे काम कोणाकडे? ईद, छठ, ओणम या दिवशी सुट्टी मागणाऱ्याला काय उत्तर मिळते? नाताळला आपल्याला रजा हवी असते, हे आठवा.

४. बैठकीत जो बोलत नाही, त्याला बैठकीपूर्वी एकट्याला गाठून विचारा. चार लोकांत बोलण्याची सवय सर्वांना नसते.

५. तक्रार आली तर एक दिवस बचाव करू नका. 'भेदभाव नाही' हे वाक्य जिभेवर आले तर गिळा. मी ते गिळले नाही, म्हणून सांगतो.

६. निदान एक खरी जबाबदारी अशा माणसाकडे सोपवा, ज्याच्या गटातून आजवर कोणी पळी हातात धरलेली नाही. सर्वांसमक्ष सोपवा.

आणि ज्यांची मुले आखातात आहेत, जहाजावर आहेत, परदेशातील हॉस्पिटलांत सेवा करीत आहेत, त्यांनी एवढेच करावे. आपल्या मुलाशी तिथल्या मुकादमाने जसे वागावे असे आपल्याला वाटते, तसे आज आपल्या दाराशी काम करणाऱ्या परप्रांतीयाशी वागावे. येशूने दिलेला सोनेरी नियम याहून वेगळा नाही.

त्या तरुणाचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. अपघाताची रीतसर नोंद व्हावी आणि मुलाला भरपाई मिळावी, म्हणून त्याने लेखी दिले. 'नोकरीवर बेतेल' असे घरच्यांनी बजावले होते. नोकरी राहिली आहे, पण बढती थांबली. भरपाईसाठी खेटे चालू आहेत. मुंडारी बोलणारा एक अनुभवी कामगार आता नव्या मुलांना मशीन शिकवतो. त्याचे नाव फळ्यावर सुपरवायझरच्या नावाखाली लिहिलेले आहे. दोन बोटे परत आलेली नाहीत. मी त्याच्यासाठी एवढेच करू शकलो की, त्या मुलासाठी मिस्सा अर्पण केला आणि त्याला भेटायला गेलो. निघताना त्या मुलाने डावा हात पुढे केला. मी त्याला विचारले, "बरे आहे ना?" तो म्हणाला, "जी." या वेळी मी खाली बसलो आणि त्याच्या गावच्या माणसाला म्हटले, "त्याला पुन्हा विचार. त्याच्या भाषेत विचार."

हे प्रभू येशू, तू आपल्या शिष्यांच्या पंगतीत वाढप्यासारखा वावरलास. आमच्या हाती पळी असेल तेव्हा टोकाला बसलेला आमच्या नजरेत येऊ दे. आमच्या हाती पळी नसेल तेव्हा मागण्याचे धैर्य दे. आणि ती दुसऱ्याच्या हाती देण्याची वेळ येईल तेव्हा आमची मूठ सैल कर. आमेन.

आपला,
प्रमुख धर्मगुरू